तळ्याचा मालक

पेणचं नाव काढलं की बाहेरच्यांना गणपती आठवतात. आम्हा खारेपाटातल्या माणसांच्या तोंडी मात्र जिताडा आधी येतो. धरमतरच्या खाडीकाठी, बांधबंदिस्तीच्या आत वसलेल्या गावांतून घरामागे तळं असणं ही रीतच. जोत्याच्या भरावासाठी माती काढायची, खड्डा पावसात भरू द्यायचा आणि त्यात खाडीतली जिताड्याची पिल्लं सोडायची. जावई आला की पाग टाकायचा. पलीकडे अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडलाही हेच.

आमचा मालक असाच आषाढात उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, लावलेल्या जाळीत आला. बोटभर लांब, काळपट, कपाळावरून पाठीकडे गेलेली पांढरी रेघ. जिताड्याची वीण खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात होते आणि पिल्लं भरतीबरोबर आत येतात, गोड्या पाण्यातही सुखाने वाढतात. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधन संस्थेने १९९७ साली बंदिस्त जागेत जिताड्याची पैदास करून दाखवली, पण आमच्याकडे पिल्लू म्हणजे खाडीचंच. कळशीतून आणलेल्यांपैकी शेवटी हा एकटा उरला. आपल्याहून लहान भावंडं जिताडा गिळतो, त्यामुळे बाकीची कुठे गेली हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या वर्षअखेर तो किलोभर झाला. पुढच्या वर्षी पाग पडला तेव्हा आजी म्हणाली, "याला राहू दे." कारण तिने सांगितलं नाही. मला वाटतं, तो तिच्या हाकेला येऊ लागला होता. ती घाटाच्या दगडावर करंदीची वाटी आपटायची आणि काठाच्या सावलीतून एक लांबट, चंदेरी अंग सरकत यायचं. खालचा जबडा पुढे काढून तो तोंड उघडायचा तेव्हा 'टप्' असा आवाज व्हायचा आणि करंदी दिसेनाशी व्हायची. रात्री बॅटरी मारली की त्याचे डोळे तांबूस सोन्यासारखे पेटत. बाबा सकाळी विचारायचे, "मालक उठले का?" तेव्हापासून तेच नाव.

तळ्याची निगा बाबांची. रोज सकाळी ते कोपरापर्यंत हात पाण्यात घालून तळवा बघत. तळवा पुसट दिसला की पाणी चांगलं. दिसेनासा झाला की शेवाळ माजलं, खाणं बंद. पाणी गढूळ असेल तर काचेच्या बरणीत भरून रात्रभर ठेवत. सकाळी तळाशी साका बसला तर ती माती, आणि हिरवेपणा तसाच राहिला तर ते शेवाळ. दोन्हींचे उपाय वेगळे, असं ते बजावून सांगत. मातीला पेंढ्याच्या जुड्या आणि थोडा चुना, शेवाळाला सावली, कमी खाणं आणि शेणाचं पाणी आत येऊ न देणं. हिरवं पाणी दिवसा उन्हात प्राणवायू तयार करतं आणि रात्री तोच ओढून घेतं. म्हणून मासे पहाटे वर येऊन धापा टाकतात. ढगाळ दिवसांत तर फारच. अशा पहाटे बाबा पंप लावून तळ्याचंच पाणी उंच धरलेल्या पत्र्यावर आदळून परत तळ्यात सोडत.

२६ जुलै २००५ च्या पावसात काठ बुडाले. आम्ही जुनी जाळी बांधून रात्र काढली. छोटे मासे गेले, मालक राहिला.

आत्या दिली होती अष्टमीला, कुंडलिकेच्या पलीकडे रोहा नि अलीकडे तिचं घर. तिच्या परसातही तळं होतं, पण त्यात चिलापीने उच्छाद मांडलेला. चिलापी वर्षभर वीत राहते आणि विणीसाठी तळात खळगे करते, त्यामुळे गाळ सतत वर. पाणी डाळीच्या वरणासारखं दिसे. शेजाऱ्यांनी मोरचूद टाकायला सांगितलं. बाबा फोनवरच कडाडले, "अजिबात नको. शेवाळ एकदम मरेल, कुजेल, उरलासुरला प्राणवायू खाईल आणि मासे सकाळी तरंगतील." मग जरा थांबून म्हणाले, "मालकाला घेऊन येतो."

आजीने दोन दिवस त्याला उपाशी ठेवलं, पोट भरलेलं असलं की प्रवासात पाणी नासतं. पिंपात पाणी, वर ओलं गोणपाट, आणि रात्रीच्या गारव्यात टेम्पो निघाला. वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड. प्रत्येक खड्ड्याला बाबा पिंपाला हात लावायचे. अष्टमीला पोचल्यावर त्यांनी लगेच सोडला नाही. आत्याच्या तळ्यातलं पाणी तांब्या-तांब्याने पिंपात घालत राहिले, पहाट होईपर्यंत. आत्या चिडली, "अरे दादा, मासा आहे की नवरदेव?" बाबा उत्तर न देता ओतत राहिले.

पावसाळा संपेस्तोवर चिलापीची पिल्लावळ ओसरली. गाळ बसला, काठाला पाणकिडे दिसू लागले आणि दिवाळीत आत्याचा तळवा कोपरापर्यंतच्या पाण्यात पुसट का होईना दिसला. बाजारात तळं स्वच्छ करायची नाना औषधं मिळतात. जे काम एका भुकेल्या शिकारी माशाने आपल्या भुकेपोटी केलं, ते त्या बाटल्यांना इतक्या सबुरीने साधेल असं मला वाटत नाही.

जिताडा आधी नर असतो आणि वाढता वाढता मादी होतो. मालक शेवटी चांगलाच मोठा झाला होता, तोवर कदाचित मादी झालाही असेल. पण अंडी घालायला खाडीचं तोंड लागतं, ते त्याला कधी मिळालं नाही. ही गोष्ट मला अजून लागते.

तो गेला श्रावणात, सलग मळभ धरलेलं असताना. त्या पहाटे वीज नव्हती, पंप चालला नाही. आत्या आणि तिच्या सुनेने बादल्यांनी पाणी उडवलं, उजाडेपर्यंत. आत्याच्या घरी मासा कधी वाया जात नाही, पण याला तिने चिकूच्या झाडाखाली पुरला. आठवड्याने तिचा फोन आला. म्हणाली, चिलापी पुन्हा दिसायला लागलीय. उघाडीला अजून पिल्लं मिळत असतील तर पाठव. आणि सारख्या मापाची निवड, नाहीतर एकच उरेल.