शुक्रवारचे ताट

मागल्या प्रायश्चित्तकाळानंतर अमेरिकेतील लुइझियाना राज्यातून आम्हांस एक पत्र आले. आमचे एक सेमिनरीतील सहाध्यायी तेथील एका धर्मग्रामात सेवा करीत आहेत. पत्रासोबत एक छायाचित्र होते. लांब टेबलावर वर्तमानपत्रे अंथरलेली, त्यांवर लालभडक कवचाच्या प्राण्यांचा ढीग ओतलेला, आणि सभोवार लहानथोर माणसे उभ्याउभ्याच जेवीत आहेत. मागील बाजूस लिहिले होते : 'उत्तम शुक्रवार, दुपार.'

खरे सांगावयाचे तर आम्ही मनातून दचकलो. प्रभूच्या मरणाच्या दिवशी ही मेजवानी!

तो प्राणी म्हणजे क्रेफिश. दर्यातला शेवंड आमच्या गोव्याकडील वाचकांनी पाहिलेला आहे. त्याचेच हे गोड्या पाण्यातील बोटाएवढे भावंड समजावे. आपल्या देशातील नद्यांत तो मुळात आढळत नाही. आपल्याकडे ती जागा सह्याद्रीच्या ओढ्यांतील खेकड्यांची. मात्र दोघांची संसाराची रीत सारखी आहे. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की लुइझियानातील क्रेफिश ओल्या मातीत बीळ करून खाली उतरतो. मादी तेथेच अंडी घालते आणि शेकडो अंडी शेपटीखाली चिकटवून सांभाळते. पिले बाहेर आल्यावरही काही दिवस आईला धरून असतात. आपल्या ओढ्यातील खेकडीही पिलांना अशीच पोटाखाली बाळगते. तिकडील शेतकरी याचा उपयोग करून घेतात. ऑगस्टच्या सुमारास भात कापले की ऑक्टोबरात तीच खाचरे पुन्हा पाण्याने भरतात. बिळांतील माद्या पिलांसह वर येतात, आणि कुजत चाललेल्या भाताच्या धसकटांवर ती पिले पोसली जातात. एकाच शेतात भात आणि क्रेफिश अशी दोन पिके निघतात. क्रेफिशचा हंगाम वसंत ऋतूत भरास येतो. म्हणजे नेमका आपल्या प्रायश्चित्तकाळात.

हे अन्न खाणाऱ्या लोकांचा इतिहासही ऐकण्यासारखा आहे. कॅनडातील अकेडिया प्रांतात फ्रेंच भाषा बोलणारे कॅथलिक शेतकरी राहात असत. 1755 सालापासून इंग्रजांनी त्यांना घरादारांतून हाकलून दिले. त्यांतील काही कुटुंबे 1765 साली लुइझियानाच्या दलदलीत येऊन पोहोचली. त्यांच्या वंशजांत एक कथा सांगतात : आपल्या पूर्वजांच्या मायेने दर्यातले शेवंड त्यांच्या मागोमाग चालत निघाले, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात झिजून झिजून क्रेफिशएवढे लहान झाले. कथा ती कथाच. पण निर्वासित माणूस आपले दुःख कसे सोसतो हे तिच्यातून कळते. ज्या चिखलाकडे सधन माणूस ढुंकून पाहात नसे, त्या चिखलातून या लोकांनी आपली चूल पेटती ठेवली. पुढे काळ पालटला. 1959 साली तेथील ब्रो ब्रिज या गावास विधिमंडळाने क्रेफिशची जागतिक राजधानी असा मान दिला. गरिबाचे कालवण हॉटेलात जाऊन बसले.

आता नियमाचे पाहू. ख्रिस्तसभा शुक्रवारी मांस वर्ज्य करावयास सांगते. या नियमाच्या भाषेत मासे, कोळंबी, खेकडे, क्रेफिश यांची गणना मांसात होत नाही. तेव्हा छायाचित्रातील माणसांनी कोणताही नियम मोडलेला नव्हता. तरीही आमच्या मनाला ते रुचेना, आणि आम्ही मित्रास चार खोचक ओळी लिहावयास बसलो. पण लेखणी पुढे सरकेना. कारण आम्हांस आमचाच एक शुक्रवार आठवला.

त्या गोष्टीस काही वर्षे झाली. तेव्हा आम्ही खानापूर तालुक्यातील एका धर्मग्रामात होतो. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी सायंकाळी क्रुसाची वाट संपली. त्याच दिवशी आम्ही उपवासावर कळकळीने प्रवचन केले होते. एका कुटुंबाने आम्हांस जेवावयास बोलाविले. त्यांच्या मुलांनी ओढ्याकाठच्या बिळांत हात घालून खेकडे काढले होते. खोबऱ्याचे वाटण लावून केलेला तो रस्सा इतका उत्तम झाला होता की आम्ही तीनदा मागून घेतला. मांस वर्ज्य, नियम पाळला, मन अगदी स्वस्थ होते.

जेवण होते न होते तोच वाडीच्या टोकाहून निरोप आला, की एक म्हातारी आजारी आहे. आम्ही ख्रिस्तशरीर घेऊन गेलो. प्रार्थना झाल्यावर तिने विचारले,

"फादर, जेवलात का?"

आमच्याने उत्तर देववेना. चुलीवर पेजेचे एकच भांडे होते, आणि आमच्या बोटांना खेकड्यांचा वास अजून येत होता. आमच्या गप्प बसण्याचा अर्थ तिने भूक असा लावला.

"सूनबाई, फादरांना पेज वाढ गं," ती म्हणाली.

"आजी, तुमचा उपवास आहे का?" काहीतरी बोलावे म्हणून आम्ही विचारले.

"आमचं काय फादर! नाताळ नि फेस्त सोडलं तर सगळे शुक्रवारच."

नियमाप्रमाणे साठीपुढील माणूस उपवासातून मोकळा असतो. नियमाने तिला मोकळे केले होते; दारिद्र्याने केले नव्हते. नको म्हणावे तर तिचा मान मोडतो, घ्यावे तर नातवाच्या तोंडचा घास जातो. आम्ही ती पेज घेतली. इतके जड अन्न आम्ही पुन्हा कधी खाल्ले नाही.

यशया संदेष्ट्याने अठ्ठावन्नाव्या अध्यायात भुकेल्यास आपल्या भाकरीचा वाटा देणे, हाच देवाला आवडणारा उपवास म्हणून सांगितला आहे. तो अध्याय आम्ही सेमिनरीत अभ्यासिला होता. त्याचा अर्थ त्या झोपडीत कळला. खेकडा खाणे पाप नव्हे. पण मटणाऐवजी त्याहून चमचमीत कालवण करून त्यास त्याग म्हणणे, ही आपणच आपली केलेली फसवणूक होय.

मित्रास लिहावयास घेतलेला कागद आम्ही फाडून टाकला. नवीन पत्रात एवढेच विचारले, की त्या टेबलाभोवती तुमच्या धर्मग्रामातील गोरगरीब उभे राहतात का? तो प्रश्न त्यांच्याइतकाच आम्हांसही आहे.

प्रिय वाचकहो, येत्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी पाने वाढली जातील तेव्हा प्रत्येक घरातील आईने मुलांना विचारावे, की आज आपण काय सोडले, आणि सोडलेले ते कोणाच्या घरी पोचते केले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले चटकन देतील. दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून घास उचलू नये. आमच्या वाडीच्या टोकाला एक घर होते. आपल्याही वाडीच्या टोकाला ते असेलच.