थंडी विकणारं गाव

सेंट मॉरिट्झ म्हटलं की फरचे कोट, हिऱ्यांची दुकानं आणि बर्फावरून घसरणारी श्रीमंत मंडळी आठवतात. झुरिकला राहणाऱ्या आमच्या मुलाने फेब्रुवारीत तीन दिवस आम्हाला तिथे नेलं. गाव 1,800 मीटरपेक्षा उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही वर! पण बी.कॉम.चं डोकं आधी हिशोबाकडे वळतं. एवढ्या गारठ्यात हे गाव जगतं कशावर?

जगतं गारठ्यावरच. पूर्वी लोक उन्हाळ्यात इथल्या झऱ्याचं औषधी पाणी प्यायला येत आणि थंडी पडली की हॉटेलं ओस. घसारा मात्र बाराही महिने चालू! असं सांगतात, की 1864 मध्ये हॉटेलमालक योहानेस बाद्रुट यांनी आपल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली: हिवाळ्यात या, आवडलं नाही तर प्रवासखर्च माझा, आवडलं तर हवं तितके दिवस फुकट राहा. पाहुणे नाताळात आले ते ईस्टरपर्यंत हललेच नाहीत. पुढे 1928 आणि 1948 असे दोनदा हिवाळी ऑलिंपिक याच गावात झाले. पडून राहिलेला माल असा विकणारा माणूस मला तरी मारवाडी पेढीवरच शोभला असता.

तळं गोठलं की त्यावर घोड्यांच्या शर्यती होतात, 1907 पासून. एका प्रकारात घोड्यावर स्वारच नसतो, माणूस मागे लगाम धरून स्कीवर घसरत जातो. लोक टाळ्या वाजवत होते. मला त्या घोड्यांकडे बघवेना, मी पाठ फिरवून डोंगर बघत बसले. आवडली ती बॉबस्लेची वाट. नुसतं बर्फ आणि पाणी घेऊन कारागीर दर हिवाळ्यात ती नव्याने हातांनी घडवतात आणि ऊन तापलं की ती वितळून जाते. पर्युषणात मंदिरात काढलेल्या रांगोळीची आठवण झाली.

खाण्याचं म्हणाल तर रोश्टी म्हणजे बटाटाच, इथल्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट आणि अक्रोडाच्या प्रसिद्ध केकच्या पारीत बहुधा अंडं. पण पोलेंटा मिळाला, मक्याच्या कण्यांचा. नुसता मागितला, वर घरून नेलेलं तूप आणि मेतकूट. रस्त्यावर गरम भाजलेले चेस्टनटही मिळाले. सूर्य सहाच्या आत मावळतो, त्यामुळे आम्ही पाचलाच खोलीत खाकरे उघडून बसायचो.

अवघड प्रसंग नातवाने आणला. तो नऊ वर्षांचा, स्की शिकतोय. म्हणाला, "आजी, तू का येत नाहीस?" गुडघे दुखतात म्हणून सुटता आलं असतं. पण मी खरं ते सांगितलं, की आपल्यात पाण्यालाही जीव मानतात, अपकाय म्हणतात, बर्फ आपण खात नाही ते त्यामुळेच. त्याने पायातल्या स्कीकडे बघितलं. "मग मी रोज किती जणांना मारतो?"

माझ्या पोटात गोळा आला. धर्म सांगावा आणि पोराचा आनंद जावा, हे मला नको होतं. आणि खोटं बोलून त्याला धर्म कसा द्यायचा? मी म्हटलं, "आपण चालतो, अंघोळ करतो, त्यातही होतं. रात्री मिच्छामि दुक्कडम् म्हणू. आणि गरजेपुरतंच वापरू." तो बराच वेळ गप्प होता. मग स्की घेऊन गेला, पण घरी आल्यावर बेसिनचा नळ बारीक केला.

शेवटच्या दिवशी छोट्या गाडीने मोर्टेराच हिमनदीला गेलो. 1878 पासून तिची मोजणी होतेय आणि तेव्हापासून ती सुमारे 3 किलोमीटर मागे हटली आहे. कुठल्या साली बर्फाचं टोक कुठे होतं, याचे फलक वाटेवर लावलेत. आमचे हे प्रत्येक फलकापाशी दम खात थांबत. नातू पुढे पळून सालं मोठ्याने वाचत होता.

माझ्या जन्माच्या आसपासचं साल आलं तेव्हा तो थांबला. "आजी, तू बाळ होतीस तेव्हा बर्फ इथे होता?"

"हो."

"आणि मी झालो तेव्हा?"

तो फलक अजून बराच पुढे होता. ह्यांना बाकावर बसवून, थर्मासमधलं उकळलेलं पाणी त्यांच्याजवळ ठेवून आम्ही दोघं तिकडे चालू लागलो.