निजवावा की मालवावा?

आमच्या घरात एक वाद दीड-दोन वर्षे चालू आहे. तो बांधाचा नाही, सोयरिकीचा नाही, भाऊबंदकीचाही नाही. वाद आहे संगणकाचा! रात्री काम संपल्यावर तो पुरता बंद करावा, की नुसता झोपवून ठेवावा, एवढाच काय तो प्रश्न. वाचकहो, आपण हसाल. पण या एवढ्याशा प्रश्नापायी मी माझ्या वडिलांना एकदा जे बोलून गेले, ते आठवले की अजूनही घास घशात अडतो.

आम्ही इचलकरंजीचे. आण्णा यंत्रमागावर कामाला. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आई कांड्या भरते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली. बारावीचा निकाल लागला तेव्हा आण्णांनी कुठल्याशा कचेरीने काढून टाकलेला संगणक साडेसहा हजारांना आणला. आईने त्याला हळदकुंकू वाहिले आणि वर धुतलेला टॉवेल पांघरला. त्या दिवसापासून तो घरातला एक माणूसच झाला म्हणा ना!

आता माणूस म्हटला की त्याला झोप आलीच. मी त्याला झोपवीत असे. सकाळी एक कळ दाबली की चार-दोन सेकंदांत सारे जिथल्या तिथे हजर. तेच पुरता बंद केला तर आमचे हे जुने खोड पुन्हा उठायला चांगली तीन-चार मिनिटे घेते. आण्णांचे मत मात्र सरळ होते. खोलीतून शेवटी बाहेर पडणाऱ्याने सगळी बटणे बंद करावीत. आजी रात्री दिवा मालवून मगच अंथरुणाला पाठ टेकायची, त्यांनी तेच पाहिलेले. जळत्या दिव्यासमोर झोपणे म्हणजे त्यांच्या लेखी उधळपट्टी.

डिसेंबरमधली गोष्ट. पंचगंगेच्या पाण्यावरचा माझा पर्यावरण प्रकल्प द्यायचा होता. रात्री एक वाजेपर्यंत मी टंकत बसले होते. अठरा पाने झाली. डोळे मिटू लागले तसा संगणक झोपवला आणि मीही झोपले. सात वाजता आण्णा रातपाळीहून आले. पेटीवरचा बारीक दिवा लुकलुकताना त्यांना दिसला. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले. त्यांच्या दृष्टीने पोरगी विसरली होती, बापाने आठवणीने केले.

मी उठून पाहते तो सात पाने शिल्लक, अकरा गडप! आपोआप जतन होण्याची सोय होती, पण तीमुळे संगणक अडखळतो म्हणून मीच ती काढून टाकली होती. हे त्या क्षणी कुठले आठवणार? मी ओरडले, "आण्णा, तुम्हांला यातलं काय कळतंय? कळत नाही तर हात कशाला लावता?"

आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि डोळ्यांवर पंचा टाकून ते झोपले. त्यांच्या कानांच्या पाळ्यांवर सुताचा पांढरा कापूस तसाच होता. ज्यांच्या घामावर तो संगणक आला, त्यांनाच मी "तुम्हांला काय कळतंय" म्हणाले होते! कॉलेजने मला दीड वर्षात हेच शिकवले काय?

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेतील सरांना विचारले. त्यांनी नीट उलगडून सांगितले. संगणकाची एक स्मरणशक्ती असते ती केवळ विजेवर जगते. झोपलेला संगणक पडदा, पंखा, डिस्क सारे थांबवतो, पण त्या स्मरणशक्तीला थोडी वीज पाजत राहतो. वीज तुटली की तिच्यातले सारे पुसले. हायबरनेट नावाची तिसरी तऱ्हा आहे. तीत सगळे डिस्कवर लिहून ठेवून मगच यंत्र विजेपासून मोकळे होते. काही संगणक झोपतानाही डिस्कवर अशी प्रत ठेवतात, आमच्यात ती सोय बंद होती. आणि गंमत म्हणजे, 2012 साली आलेल्या विंडोज 8 पासून नेहमीचे "बंद करणे" हेही बहुधा पुरते बंद नसते. लवकर उठता यावे म्हणून यंत्र आपले थोडे बिऱ्हाड डिस्कवर बांधून ठेवते. खरी आंघोळ होते ती "पुन्हा सुरू करा" म्हटल्यावर.

हे मी भीत भीत आण्णांना सांगितले. ते म्हणाले, "खाऊन खाऊन खातोय किती? मीटरलाच विचारू की."

सुटीच्या दिवशी रात्री आम्ही घरातले सारे दिवे, पंखे बंद केले. झोपलेला संगणक तेवढा जोडलेला. मीटरवर छापले आहे, 3200 लुकलुकी म्हणजे एक युनिट. बाहेर ओट्यावर आम्ही दोघे मीटरच्या त्या लाल ठिपक्याकडे पाहत बसलो. आण्णा खडूने भिंतीवर रेघा ओढीत होते. दोन रेघांत तीन-चार मिनिटे जात. मधल्या वेळात ते बोलू लागले.

"लाईट गेली की माग कुठंबी थांबतोय. धोटा मधीच ऱ्हातोय. लाईट आली म्हणून तसाच चालू केला तर कापडात पट्टा पडतोय, मजुरी कापली जाती. आधी धोटा पेटीत आणायचा, तुटला धागा बघायचा, मग खटका. आणि पाळी सुटताना धोटा मधी सोडून कोण जात न्हाई. मागनं येणारा काय करंल, आपल्याला काय ठावं?"

मी खाली मान घातली. म्हटले, "आण्णा, धोटा मीच मधी सोडला होता. तुम्हांला बोलायला नको होतं."

ते ठिपक्याकडेच पाहत म्हणाले, "सोळा झाले. तास भरला. लिही."

तासाला सोळा म्हणजे पाच वॅट. दहा तासांची रात्र धरली तर वीस रात्रींत एक युनिट, महिन्याला दीड. तोच संगणक जागा ठेवून नुसता सोडून दिला आणि त्याने साठ वॅट घेतले, तर महिन्याला अठरा युनिटे! म्हणजे खरा चोर झोपलेला नव्हे, जागा सोडलेला. आणि बंद केलेला संगणकही भिंतीचे बटण चालू असेल तर थोडी वीज चाखतोच. म्हणजे आण्णांचे बटणही बरोबर!

आता आमचा तह झाला आहे. जेवायला किंवा पाणी भरायला उठायचे तर झोपवायचा. रात्री काम जतन करून बंद करायचा आणि मग भिंतीचे बटण. आठवड्यातून एकदा पुन्हा सुरू करायचा. अकरा पाने मी पुन्हा लिहिली, प्रकल्प वेळेत दिला.

तरी कधी कधी डोळा लागतोच. मग आण्णा पहाटपाळी संपवून येतात, लुकलुकता दिवा पाहतात, पण बटणाला हात लावीत नाहीत. उंबऱ्यातूनच हळू हाक मारतात, "उठ गं बाळ. धोटा पेटीत हाय का?"