बंदुकीच्या दुकानातलं गिऱ्हाईक



भात निसवलं की आपल्या पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या शेतांत डुकरं उतरतात. खातात थोडं, लोळून आडवं जास्त करतात. भात घरात आलं की वालावर. म्हणून काही घरांत पीक-संरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक अजून आहे. खत-बियाण्याच्या दुकानांबद्दल आपण नेहमी बोलतो, बंदुकीच्या दुकानाबद्दल कोणी बोलत नाही.

मला दोन तऱ्हेचे दुकानदार भेटले. नावं लिहीत नाही.

पहिल्याकडे पाऊण तास उभा होतो. गाडीतून आलेल्यांना खुर्ची आणि चहा. माझा नंबर आल्यावर, "ठासणीचा माल नाही, पुढच्या आठवड्यात या." एस्टीचं भाडं गेलं, दिवस गेला. पुढच्या खेपेला टोप्या दिल्या, पण पावती मागितली तर म्हणतो, "कशाला पाहिजे?" पावती आणि परवान्यावर नोंद घेतल्याशिवाय मी हललो नाही.

दुसऱ्याने आधी परवाना मागून घेतला आणि चष्मा लावून पूर्ण वाचला. म्हणाला, "काका, मुदत संपत आलीय, नूतनीकरणाचा अर्ज आत्ताच टाका." मग बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घोडा ओढून बघितला. घोडा अर्ध्यावर टिकत नव्हता, आपोआप सुटत होता. "ही दुरुस्त झाल्याशिवाय दारू-टोप्या देणार नाही," असं स्पष्ट सांगितलं. भरलेली बंदूक खांद्यावर घेऊन रात्री बांधावरून चालणारा माणूस मी. घोडा सुटला असता तर काय झालं असतं, विचार करा.

तेव्हापासून मी त्याच्याकडेच जातो. लांब पडतं, तरी जातो.

तुम्हीही एवढं बघा. वर्षाला किती माल घेता येतो ते परवान्यावर असतं, प्रत्येक खरेदीची नोंद करून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झालीय, त्यामुळे तारीख डोक्यात राहत नाही. घरात भिंतीवर लिहून ठेवा. निवडणुकीत पोलीस ठाण्यात बंदूक जमा केली तर पोच जपून ठेवा. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यासाठी वनखात्याची लेखी परवानगी वेगळी लागते. हे मला दुसऱ्या दुकानदारानेच समजावलं, माल न विकता.

तुमच्याकडे ठासणीची दुरुस्ती नीट करणारा कारागीर कोणी उरलाय का? असेल तर सांगा, खूप जणांची सोय होईल.