वाईची वाट आणि मोटारीचा रुसवा

पुण्याहून महाबळेश्वरास जाणारे बहुतेक प्रवासी वाईस चहापुरते थांबून पुढें जातात. ज्यांस सवड आहे त्यांनीं कृष्णेच्या घाटावर निवांत बसावें, १७६२ सालीं गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं बांधविलेलें ढोल्या गणपतीचें देऊळ पाहावें आणि मग मेणवलीकडे वळावें. तेथें नाना फडणविसांचा वाडा आहे. वाड्यामागें नदीकाठीं जी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, ती वसईच्या १७३९ मधील विजयाची आठवण होय.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब या वाटेनें निघालों, तें मुख्यतः आजीकरितां. वयाच्या ८४ व्या वर्षीं तिची एकच इच्छा उरली होती. क्षेत्र महाबळेश्वरीं पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री व गायत्री यांचे प्रवाह एकत्र येतात. तें पाणी एकदां मस्तकीं लावावें. परंतु मेणवलीस मोटारीनें असहकार पुकारला. किल्ली फिरवावी, तों ‘टक्’ असा एकच आवाज, आणि यंत्र स्तब्ध! वीस मिनिटांनीं तीच मोटार आज्ञाधारकपणें सुरू झाली. अशी लहरी गाडी घेऊन आजीसह घाट चढणें हें साहस. आणि परत फिरावें, तर पुढल्या वर्षाचा भरंवसा कोणीं द्यावा? आजी म्हणाली, “माझ्यासाठीं जिवावर उदार होऊं नका रे. कृष्णा येथेंही आहेच.” तें ऐकून आम्ही अधिकच बेचैन झालों.

वाईंतील एका दुकानदारानें गाडी न पाहतांच नवी बॅटरी घालण्यास सांगितलें. दुसऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनीं मात्र प्रथम प्रश्न विचारले. गाडी थंड असतां कधीं अडते काय? नाहीं. अडते तेव्हां दिवे मंदावतात काय? तेंही नाहीं. “मग बॅटरीवर आळ कां घेतां? ती दुबळी असती, तर किल्ली फिरवितांच दिवे मलूल झाले असते.”

थंड गाडीस त्यांनीं हात लावला नाहीं. आजीस घाटावर सावलींत बसवून आम्ही त्यांच्यासह पसरणी घाटांत एक फेरी मारली, इंजिन तापविलें, आणि दोष प्रकट होतांच त्यांनीं व्होल्टमीटर काढला. बॅटरींत साडेबारा व्होल्ट होते. किल्ली फिरविल्यावरही ते फारसे उतरले नाहींत. मग मीटरचें एक टोंक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरें इंजिनच्या अंगावर टेकवून पुन्हां किल्ली फिरविली. तेथें अर्ध्या व्होल्टाहून कमी दाब दिसावयास हवा. दिसला पांचांहून अधिक! म्हणजे स्टार्टरच्या वांट्याचा दाब परतीच्या वाटेवरच, इंजिनच्या अर्थिंगच्या तारेंत, खर्ची पडत होता. तिच्या बोल्टाखालीं गंज चढला होता. थंडपणीं तो जोड कसाबसा चाले. तापल्यावर सैल पडे, शिवाय उष्णतेनें स्टार्टरच्या तांब्याच्या वेटोळ्यांचाही रोध वाढे. म्हणूनच हा रुसवा अधूनमधून येत असे.

काचकागदानें जोड घासून बोल्ट आवळला. तापलेली गाडी लागोपाठ पांच वेळां सुरू झाली, तेव्हांच आम्ही घाटास लागलों. पांचगणीस न थांबतां दिवस मावळण्यापूर्वीं क्षेत्रीं पोंचलों. गोमुखांतून पडणारें पाणी आजीनें ओंजळींत घेतलें आणि बराच वेळ कोणाशीं बोलली नाहीं.

ज्यांच्या घरची मोटार अशी अधूनमधून अडते, त्यांनीं ती थंड होती कीं तापलेली, दिवे कसे होते व आवाज कोणता आला, एवढें प्रत्येक वेळीं टिपून ठेवावें. जाणत्या मिस्त्रीस तें टिपण नव्या बॅटरीहून अधिक उपयोगीं पडतें.