चाक किती बाहेर यावे?

मोटारीच्या चाकाविषयी मत देण्याचा मला काडीचाही अधिकार नाही. जळगावात मराठी शिकवणाऱ्या माणसाने फार तर 'चक्र' या शब्दाचे 'चाक' कसे झाले ते सांगावे आणि स्वस्थ बसावे. पण धुळ्याच्या आमच्या भाच्याने मत विचारले आणि मी ते दिले. कुणी मत विचारले की मास्तर मंडळींना जरा जास्तच आनंद होतो, हे घरोघरच्या लोकांना ठाऊक आहे.

भाच्याने जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया घेतली होती. तीही साधीसुधी नव्हे. 2020 साली भारतात विक्रीला जेमतेम 200 आल्या, त्यांतली 'आरएस 245'. आकडा अश्वशक्तीचा. लोक तिला सेदान म्हणतात, पण डिकी उघडली की मागची काचही सोबत वर जाते. म्हणजे व्याकरणदृष्ट्या ती सेदान नव्हे. पण व्याकरण कोण विचारतो?

तिची मूळची चाके 18 इंचांची आणि साडेसात इंच रुंद. भाच्याला हवी होती 19 इंचांची, साडेआठ इंच रुंद. नट-बोल्टांची भोके जुळत होती : पाच बोल्ट, 112 मिलिमीटरच्या वर्तुळावर. मधल्या भोकाचे माप 57.1, ते मोठे निघाले तर आत कडी बसवायची. बोल्टाचे डोके या गाडीत गोल बसणीचे लागते, शंकूसारखे चालत नाही, हेही त्याने पाहिले होते. राहता राहिला एक आकडा. जुन्या चाकावर 'ईटी 51', नव्यावर 'ईटी 35'.

"मामा, हे ईटी म्हणजे काय हो?"

मी शोधून काढले. जर्मन शब्द आहे, आइनप्रेसटीफे. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि चाक जिथे हबला टेकते ती बसण, यांतले अंतर. आकडा मोठा तर चाक गाडीच्या पोटात शिरते. लहान तर बाहेर येते. केवढा सुरेख शब्द! मग बैलगाडीचे तुंबा, आरे, धाव हे शब्द मी त्याला ऐकवले. लोखंडी पट्टीला 'धाव' म्हणणाऱ्या आमच्या सुतार-लोहारांचे कौतुक केले. या भरात सोळा मिलिमीटरांचा फरक मला किरकोळ वाटला. "घे की, छान दिसतील," असे मी म्हणालो. "व्हई जाई, मामा!" असे अहिराणीत म्हणून तो खुशीत धुळ्याला परतला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ताईच्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया जळगावला झाली. दहा दिवसांनी तिला धुळ्याला घरी न्यायचे होते. भाचा नवी चाके लावूनच आला. गाडी दिसत होती खरी देखणी! मागे ताई आणि मी, डिकीत सामान. एरंडोलपर्यंत ठीक चालले होते. पण रस्त्याला जरा उंचवटा आला की मागून 'खर्र' असा आवाज येई आणि भाचा आरशातून माझ्याकडे बघे. मी ताईकडे बघत होतो. तिने वरची मूठ घट्ट धरली होती. ओठ मिटलेले.

"दुखतंय का ग?"

"काही नाही रे. तू बोलत राहा."

मी आयुष्यभर बोलत आलो आहे. पण त्या दिवशी काय बोलावे ते सुचेना.

पारोळ्याला चहासाठी महामार्ग सोडून गावात शिरलो आणि पहिल्याच खड्ड्यात चाक आदळले. ताईच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी पुन्हा ऐकू इच्छीत नाही. टायरच्या बाजूला लिंबाएवढे टेंगूळ आले होते. आतल्या दोऱ्या तुटल्या की असे टेंगूळ येते. स्टेपनी लावून, बैलगाडीच्या चालीने आम्ही धुळे गाठले.

एरवी धुळ्याला गेलो की राजवाडे संशोधन मंडळात जुनी बाडे बघत बसतो. या खेपेला कागद-पेन्सिल घेऊन भाच्याशेजारी बसलो. साडेसात इंच म्हणजे 190.5 मिलिमीटर. निम्मे 95.25, वजा 51, बाहेर उरले 44. साडेआठ इंचांचे निम्मे 107.95, वजा 35, म्हणजे 73. मी सोळा समजलो होतो. चाक आले होते 29 मिलिमीटर बाहेर! रुंदीचा अर्धा इंचही बाहेरच्या बाजूलाच आला होता. हा हिशेब चौथीतल्या मुलीला जमला असता. शिवाय चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर भार जास्त. हे मला निदान पाणी काढायच्या रहाटावरून तरी कळायला हवे होते.

आणि टायर? 225/40 च्या टायरला रुंदीच्या 40 टक्के, म्हणजे 90 मिलिमीटर उंचीची रबरी भिंत. 225/35 ला जेमतेम 79. एकंदर व्यास तीन मिलिमीटरांनीच वाढतो, म्हणून स्पीडोमीटरही काही बोलत नाही. खड्डा आणि ताईची कंबर यांच्यामधले अकरा मिलिमीटर रबर मात्र आम्ही दोघांनी मिळून काढून टाकले होते.

भाचा काही रागावला नाही. त्याने रागवायला हवे होते. त्याने कमानीच्या कडेवरून ओळंबा सोडला, जागा मोजली आणि नवा आकडा काढला : 18 इंच, रुंदी आठ, ईटी 45. चाक बारा मिलिमीटर बाहेर येते, आतल्या बाजूला जवळजवळ जिथल्या तिथे राहते आणि टायर जुनेच चालतात. हिशेब मी दोनदा तपासला. तरी माझे म्हणणे पडले की सतरा इंच बघ. 225/45 चा टायर, 101 मिलिमीटरची भिंत.

"सतरा? लोक हसतील, मामा."

"लोक मागच्या सीटवर बसत नाहीत."

तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण पुढचा ब्रेक मोठा आहे. सतराच्या आत मावेल का, ते साचा कापून पाहावं लागेल." ताईच्या कमरेच्या पट्ट्याचा पुठ्ठ्याचा खोका कोपऱ्यात पडला होता. तो घेऊन, कात्री आणि कंपास घेऊन तो अंगणात गेला आणि चाक काढून ब्रेकसमोर उकिडवा बसला.

थोड्या वेळाने ताईने अंथरुणावरूनच हाक मारली, "अरे, मापं झाली असतील तर जेवायला या दोघं. भरीत निवतंय."