हिमायत बागेतील आम्रवृक्ष

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ हिमायत बाग आहे. मोगल काळातील या विस्तीर्ण उद्यानात आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. शहराच्या गजबजाटातून येथे आले की आम्रवृक्षांची शीतल छाया लाभते. परंतु अशा बागेचे मोल केवळ सावलीपुरते नसते.

कलम म्हणजे मातृवृक्षाचीच प्रतिकृती. मराठवाड्याचा केसर असाच कलमांतून पसरला. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही लाभले. झाडे असंख्य, पण वाण एकच! याउलट कोयीपासून उगवलेल्या गावरान आंब्याचे प्रत्येक झाड वेगळे असते. एकाचे फळ रसाला उत्तम, दुसऱ्याची कैरी लोणच्याला, तर तिसरे उशिरा पिकणारे.

ही विविधता म्हणजे नव्या वाणांचे भांडवल होय. हापूसमध्ये साक्याचा दोष आढळतो. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम व हापूस यांचा संकर करून १९८१ साली साका नसलेला ‘रत्ना’ दिला. नीलम कोणी जपलाच नसता, तर हे घडले असते का?

जाणता व्यापारी सारे भांडवल एकाच मालात गुंतवीत नाही. बांधावरचे गावरान झाड एकदा तोडले, की त्याची कोय पेरूनही तोच आंबा पुन्हा मिळत नाही. म्हणून आपल्या शेतात वा वाड्यात वडिलार्जित आंबा असेल, तर त्याच्या डोळकाडीपासून दोन कलमे आजच बांधून घ्यावीत. पुढच्या पिढीसाठी ही ठेव लहान नाही.